ताई, जुनी सुबारू घेऊ का? – ऑल व्हील ड्राइव्ह इम्प्रेझा घेणाऱ्या नवीन मंडळींसाठी

दरवर्षी नोव्हेंबरात पहिला बर्फ भुरभुरला की मला एक तरी मेसेज येतोच, "ताई, एक जुनी सुबारू बघितलीये, घेऊ का?" विचारणारी पोरं बहुतेक ऑगस्टमध्ये अमेरिकेत आलेली असतात, तोवर बसने नाहीतर रूममेटच्या गाडीने भागलेलं असतं, आणि मग एका सकाळी खिडकीबाहेर सगळं पांढरं दिसलं की एकदम सगळ्यांनाच ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी पाहिजे असते. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरला राहते (स्पेलिंग बघून घाबरू नका, उच्चार वूस्टरच). गाव सात टेकड्यांवर वसलंय असं इथले लोक कौतुकाने सांगतात, आणि आमचं घर त्यातल्या एका टेकडीच्या बरोब्बर माथ्यावर. नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, त्यात नाइट शिफ्ट, म्हणजे बर्फ पडो की पाऊस, रात्री साडेदहाला गाडी टेकडीवरून खाली न्यायची आणि सकाळी परत वर चढवायची. गाडी चालवायला शिकले सांगलीत, वॅगन आरवर. आत्ता जी आहे ती सुबारूची २०१४ ची इम्प्रेझा हॅचबॅक, २०१९ मध्ये ७१ हजार मैलांवर घेतली, आज १ लाख ३२ हजार झालेत. मी मेकॅनिक नाही, पण इतक्या वर्षांत स्वतःच्या चुकांमधून आणि ओळखीतल्या सुबारूवाल्यांच्या कटकटी ऐकून जे जमलं ते सांगते.

पायरी १: आधी ठरवा, खरंच लागणारे का

बोस्टनमध्ये किंवा केंब्रिजला राहताय, ऑफिसला टी ने (म्हणजे तिथल्या मेट्रोने) जाताय, गाडी फक्त शनिवारी वॉल्थमला देसी किराणा आणायला पाहिजे, तर नका घेऊ. साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह कोरोला नाहीतर सिव्हिक घ्या आणि तिला हिवाळ्यात चार स्नो टायर लावा. सपाट रस्त्यावर ती गाडी, झिजलेल्या टायरवरच्या ऑल व्हील ड्राइव्हपेक्षा बरी चालते, आणि हे मी स्वतः ऑल व्हील ड्राइव्हवाली असून सांगतेय.

कारण नवीन माणसाचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. इंजिनची ताकद चारही चाकांना जाते म्हणजे गाडी जागेवरून उचलायला आणि चढ चढायला मदत होते, बस. थांबायला काहीही मदत होत नाही. ब्रेक तर प्रत्येकच गाडीला चारही चाकांना असतात ना. माझ्या पहिल्या हिवाळ्यात गाडी इतकी मस्त उचलली की मला वाटलं रस्ता कोरडाच आहे, त्याच झोकात हायवेच्या एक्झिटवर आले, ब्रेक दाबला, आणि गाडी सरळ घसरत जाऊन कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली. कोणाला लागलं नाही, बंपरची एक क्लिप तुटली, पण पाच मिनिटं माझे हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते. फ्रंट व्हील ड्राइव्ह असती तर चाकं आधीच फिरली असती आणि मी आधीच घाबरून हळू झाले असते. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये रस्ता किती निसरडा आहे हे उशिरा कळतं, हाच तिचा धोका.

मग कोणी घ्यावी? ज्यांचं घर चढावर आहे, ज्यांना हॉस्पिटल, फार्मसी, वेअरहाऊस अशी "आज येत नाही" म्हणता न येणारी नोकरी आहे, जे रस्ते साफ व्हायच्या आधी पहाटे निघतात, किंवा ज्यांचा पाय हिवाळ्यातही न्यू हॅम्पशायर-व्हरमाँटकडे वळतो. यातलं एकही लागू होत नसेल तर पैसे वाचवा.

आणि हो, जिप्सी-थारसारखी टू व्हील, फोर व्हील करायची वेगळी दांडी हिला नसते. ही कायम चालूच, तुम्हाला काही दाबायचं नाही.

पायरी २: कुठल्या वर्षाची

इम्प्रेझा जपानमध्ये १९९२ ला आली, पण आपल्या बजेटमध्ये बसणाऱ्या तीनच पिढ्या धरा.

२००८ ते २०११: अडीच लिटरचं जुनं इंजिन, १७० हॉर्सपॉवर, पळायला छान. ऑटोमॅटिक मात्र चारच गिअरची, म्हणजे पेट्रोल पिते. यात टायमिंग बेल्ट असतो, तो १ लाख ५ हजार मैलांना बदलायचा, आणि या जुन्या इंजिनांचा हेड गॅस्केटबद्दलचा (इंजिनच्या दोन भागांमधलं सील, ते गेलं की मोठा खर्च) लौकिक काही चांगला नाही. बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो खर्च धरूनच भाव करा. मी तरी नवीन माणसाला ही घे म्हणून सांगणार नाही.

२०१२ ते २०१६: माझी यातली. दोन लिटर, १४८ हॉर्सपॉवर, बेल्टऐवजी चेन, आणि सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) किंवा पाच गिअरची मॅन्युअल. सीव्हीटीला कागदोपत्री शहरात गॅलनला २७ मैल आणि हायवेला ३६, आणि हायवेचा आकडा उन्हाळ्यात खरंच येतो. पण २०१२-१३ च्या इंजिनमध्ये ऑइल कमी होण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की अमेरिकेत क्लास ॲक्शन म्हणजे सगळ्या ग्राहकांच्या वतीने एकत्र दावा झाला आणि २०१६ मध्ये तडजोड होऊन त्या गाड्यांची त्यापुरती वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली गेली. आता ती मुदत संपलीये, त्यामुळे २०१२-१३ ची गाडी स्वस्तात मिळत असेल तर ऑइल किती खाते हे विचारल्याशिवाय हात लावू नका. जमलं तर २०१४ च्या पुढचीच बघा.

२०१७ ते २०२३: इंजिन दोनच लिटर पण १५२ हॉर्सपॉवर, चासी नवीन, आतून शांत, बऱ्याच गाड्यांना आयसाइट म्हणजे पुढे कॅमेरे लावलेली ब्रेकिंग सिस्टीम. बजेट असेल तर ही घ्या, विषय संपला. फक्त एवढं लक्षात ठेवा, आयसाइटवाल्या गाडीची पुढची काच बदलली की कॅमेरे परत कॅलिब्रेट करायला लागतात, आणि आमच्याकडे इथे बर्फावर टाकलेल्या वाळूचे खडे उडून काचा फुटतातच.

क्रॉसट्रेक म्हणजे इम्प्रेझा हॅचबॅकच, उंच बुटं घातलेली. तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, ८.७ इंच, आपली साधी इम्प्रेझा सहा इंचांच्याही आतच. बर्फ काढणारा ट्रक गेला की ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो कडक बांध घालून जातो, तो ओलांडताना हा फरक कळतो. पण क्रॉसट्रेकला मागणी जास्त म्हणून जुनीही महागच पडते.

सुबारूच का, दुसरं काही नाही का? आहे ना. २०१९ पासून माझदा ३ ला ऑल व्हील ड्राइव्ह मिळते, सुंदर गाडी, जुन्यातही भाव चढे. आणि ऐकून गंमत वाटेल, आपली एसएक्सफोर! भारतात ती मारुतीची साधी सेडान होती, अमेरिकेत मात्र सुझुकीने ती हॅचबॅकमध्ये ऑल व्हील ड्राइव्हसकट विकली, आत चक्क मोड बदलायचं बटण. पण सुझुकीने २०१२ च्या शेवटी अमेरिकेतला गाड्यांचा धंदाच गुंडाळायचं जाहीर केलं, त्यामुळे आता तिच्या पार्टसाठी वणवण नको.

जाता जाता एक. सुबारू हे जपानी भाषेत कृत्तिका नक्षत्राचं नाव आहे. बॉनेटवरच्या त्या लंबगोलात सहा तारे आहेत बघा, एक मोठा पाच छोटे. आपल्याकडेही कृत्तिका सहाच. माझ्या सासूबाईंना हे सांगितल्यापासून त्या गाडीला कृत्तिकाच म्हणतात.

पायरी ३: बघायला जायच्या आधी घरबसल्या

विकणाऱ्याकडून व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक मागा, सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. देत नसेल तर पुढे बोलूच नका. तो नंबर एनएचटीएसएच्या (अमेरिकेचं वाहनसुरक्षा खातं) सरकारी साइटवर टाकला की कुठला रिकॉल, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने करून द्यायचं काम, बाकी आहे ते फुकटात कळतं. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचा तर बघाच बघा, अमेरिकेच्या इतिहासातला सगळ्यात मोठा रिकॉल तो. आणि २००८ ते २०१६ च्या इम्प्रेझांना २०१९ मध्ये ब्रेक लाइटच्या स्विचचा रिकॉल आला होता. कारण फार मजेशीर आहे, गाडी साफ करायच्या आणि कॉस्मेटिकच्या वस्तूंमधून सिलिकॉनची वाफ निघते, ती स्विचमध्ये जाऊन बसते आणि ब्रेक लाइट लागतच नाही, आणि बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल तर ती सुरू व्हायलाही नाटकं करते. रिकॉलचं काम डीलरकडे फुकट होतं, जुन्या मालकाने केलं नसेल तरी तुम्ही करून घेऊ शकता.

मग हिस्टरी रिपोर्ट काढा, थोडे पैसे जातात, जाऊ देत. टायटल (मालकीचा कागद) क्लीन आहे का, सॅल्व्हेज किंवा रीबिल्ट, म्हणजे अपघातात वगैरे निकालात निघालेली किंवा त्यानंतर परत उभी केलेली तर नाही, आणि गाडी आयुष्यभर कुठे राहिली. हा शेवटचा मुद्दा लोक वगळतात. नॉर्थ कॅरोलिनात दहा वर्षं काढलेली गाडी आणि व्हरमाँटमध्ये दहा वर्षं, बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यावर फिरलेली गाडी, वरून सारख्या दिसतील, खालून दोन वेगळ्या गाड्या असतात.

डीलरकडून की घरगुती मालकाकडून? आमच्या मॅसॅच्युसेट्सचं सांगते. डीलरने विकलेल्या जुन्या गाडीला, मैल १ लाख २५ हजारांच्या आत असतील तर, कायद्याने वॉरंटी द्यावीच लागते. ४० हजारांच्या आत ९० दिवस, ४० ते ८० हजारांना ६० दिवस, त्याच्या पुढे १ लाख २५ हजारांपर्यंत ३० दिवस (मैलांचीही मर्यादा असते, जे आधी संपेल ते). घरगुती मालकाकडून स्वस्त मिळते, आणि त्यालाही माहीत असलेला दोष सांगणं बंधनकारक आहे, पण अशा लेखी मुदतीची वॉरंटी नाही. मी घरगुतीच घेतली, एका शाळेतल्या बाईंकडून, प्रत्येक ऑइल चेंजची पावती जुन्या मिठाईच्या डब्यात तारखेनुसार लावून ठेवलेली. डबा बघितला आणि मी मनात गाडी घेऊन टाकली, खरं सांगते. गाडी बघताना आधी मालक बघा.

पायरी ४: प्रत्यक्ष बघताना

विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गार इंजिन सुरू होताना जे आवाज येतात ते गरम झाल्यावर लपतात. हे बॉक्सर इंजिन आहे, म्हणजे पिस्टन उभे नाही तर आडवे, दोन डावीकडे दोन उजवीकडे, मुष्टियोद्ध्यांसारखे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला. आवाज जरा घुमा असतो, त्याला घाबरू नका. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर मात्र घाबरा.

सुरू करायच्या आधी डिपस्टिक काढून बघा. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर एक तर गाडी ऑइल खाते किंवा मालकाने कधी बॉनेट उघडलेलं नाही, दोन्ही वाईटच.

मग वाका आणि चारही टायर बघा. सगळ्यात महत्त्वाचं हेच. चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, सारखे झिजलेले पाहिजेत. दोन एका कंपनीचे आणि दोन भलत्याच, किंवा तीन झिजलेले आणि एक कोराकरकरीत असेल तर मालकाला ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे काय हे कळलेलंच नाही असं समजा. का, ते सहाव्या पायरीत सांगते.

फोनचा टॉर्च लावून गाडीच्या खाली बघा. सायलेन्सरला तांबूस गंज असणारच, चालतं. पण दाराखालची पट्टी, मागची चाकं जिथे जोडलेली असतात तो सांगाडा आणि ब्रेकच्या बारीक नळ्या, इथे खपल्या निघत असतील किंवा बोटाने दाबल्यावर पत्रा दबत असेल तर थँक यू म्हणा आणि घरी या.

चालवून बघताना दोन गोष्टी विसरू नका. एक, रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा, दोन्ही बाजूंना. गाडी अडखळत असेल, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी झटके देत असेल तर चारही चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा अडकलीये किंवा बेजोड टायरांनी तिची वाट लावलीये. दोन, हायवेवर रेडिओ बंद करून ताशी ६० मैलांना कान द्या. वेग वाढेल तसा वाढणारा घूं-घूं आवाज आला तर व्हील बेअरिंग गेलंय, जुन्या इम्प्रेझांना हा रोग आहे, दुरुस्त होतो, पण भाव कमी करायला उपयोगी.

सगळं पटलं तरी शेवटी एखाद्या त्रयस्थ मेकॅनिककडे नेऊन लिफ्टवर चढवा. शंभर-दोनशे डॉलर जातील. विकणारा नेऊ देत नसेल तर त्याचं कारण त्यालाच माहीत. आणि हो, इथे गॅरेजमध्ये बॉनेट, डिक्की, स्टेपनी, सायलेन्सर म्हणालात तर समोरचा नुसता बघत राहतो. हुड, ट्रंक, स्पेअर, मफलर. मी पहिल्या वर्षी डिक्की डिक्की करत होते.

पायरी ५: कागदपत्रं

हे पटकन. आधी इन्शुरन्स एजंट गाठा, तो रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर शिक्का देतो, त्याशिवाय आरएमव्हीमध्ये (इथलं आरटीओ) काही हलत नाही. विक्रीकर सव्वासहा टक्के, आणि घरगुती मालकाकडून घेतली तर कर तुम्ही दिलेल्या किमतीवर किंवा गाडीच्या पुस्तकी किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर. त्यामुळे "कागदावर कमी दाखवूया" वगैरे आपली हुशारी इथे चालत नाही. नंबर मिळाल्यापासून सात दिवसांत इन्स्पेक्शन करून काचेवर स्टिकर लावायचा. घेतल्यापासून सात दिवसांत गाडी त्यात नापास झाली आणि दुरुस्तीचा खर्च किमतीच्या दहा टक्क्यांच्या वर जात असेल तर गाडी परत करायची कायद्यात सोय आहे, म्हणून इन्स्पेक्शन सातव्या दिवसावर ढकलू नका, दुसऱ्याच दिवशी करा. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले नियम बघा, हे सगळं आमच्याकडचं.

पायरी ६: टायर, टायर आणि टायर

इथे जरा निवांत बसून वाचा, कारण पैसे इथेच जातात.

दुसऱ्याच वर्षी मार्चमध्ये हायवेवर एका खड्ड्यात (हो, इथेही असतात, बर्फ वितळला की सांगली-कोल्हापूर रस्त्याची आठवण येते) माझा एक टायर कडेने फाटला. कडेने फाटलेल्याचं पंक्चर निघत नाही. दुकानातला पोरगा म्हणाला एकच बदला, तीन अजून चांगले आहेत. मला पण बरंच वाटलं, एकाचेच पैसे. बदलला. पंधरा दिवसांनी माझ्या नेहमीच्या मेकॅनिककाकांकडे ऑइल बदलायला गेले, त्यांनी मोजपट्टी घातली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी गाडीत डिझेल भरलंय.

हिशोब असा. इथे टायरची नक्षी इंचाच्या बत्तिसाव्या भागात मोजतात. नवीन टायर साधारण १०, कायद्याने २ म्हणजे संपला. माझे तीन होते ६ वर आणि एक नवा १० वर. फरक चारच बत्तिसांशांचा, म्हणजे जवळपास सव्वातीन मिलिमीटर. पण तो त्रिज्येत आहे, परिघात धरला तर वीस मिलिमीटर होतो. माझ्या १६ इंची चाकाचा परीघ जवळपास दोन मीटर, म्हणजे एक टक्का फरक. चाक मैलाला ८०० च्या वर फेऱ्या मारतं, त्यात एका चाकाच्या ८ फेऱ्या कमी. मैलामागे आठ, दर मैलाला, सरळ रस्त्यावरसुद्धा. गाडीला वाटतं की आपण सतत वळतोय किंवा एक चाक घसरतंय, आणि पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ताकद वाटणारा क्लच बिचारा रात्रंदिवस घासत, तापत राहतो. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये हे चाललं असतं. इथे तो क्लच गेला की टायरचा पूर्ण सेट परवडला असं म्हणायची वेळ येते.

म्हणून नियम, चारही टायरमध्ये २ बत्तिसांशापेक्षा जास्त फरक नको. एक फाटला आणि बाकीचे अर्धे झिजलेले असतील तर दोन रस्ते आहेत, एक, नवीन टायर मशीनवर तासून बाकीच्यांइतका करून देणारी दुकानं असतात, ऑनलाइन मागवताना तसं सांगता येतं. दोन, त्याच मॉडेलचा तेवढाच झिजलेला जुना टायर शोधायचा. मी तासलेला घेतला. नवा कोरा टायर पैसे देऊन झिजवून घ्यायचा, आमच्या बाबांना फोनवर हे समजावताना अर्धा तास गेला.

दर सहा हजार मैलांना टायर पुढचे मागे, मागचे पुढे करून घ्या, ऑइल चेंजबरोबरच, म्हणजे विसरायला होत नाही. आणि कधी गाडी बंद पडून टो करायची वेळ आली तर फोनवर पहिलं वाक्य, "फ्लॅटबेड पाठवा." पुढची दोन चाकं उचलून मागची रस्त्यावर फरफटत न्यायची पद्धत या गाडीला चालत नाही, चारही चाकं जमिनीवरून वर पाहिजेत. ट्रकवाला "काही होत नाही" म्हणाला तरी ऐकू नका.

स्नो टायर लागतात का? ऑल सीझन चांगले असतील तर बोस्टनच्या आसपास बरेच जण त्यावरच काढतात. मी घेतले, त्या एक्झिटच्या प्रसंगानंतर. सात अंश सेल्सियसच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होत जातं, स्नो टायरचं मऊ राहतं, आणि थांबायला मदत होते ती याचीच, चार चाकांच्या ताकदीची नाही. वेगळ्या स्वस्त लोखंडी रिमवर सेट बसवून घ्या, म्हणजे दरवेळी टायर रिमवरून काढा-घाला नको. जुने रिम शोधताना २०१२ नंतरच्या इम्प्रेझाला पाच बोल्ट, शंभर मिलिमीटरचं माप. क्रॉसट्रेकचे रिम त्याच मापाचे असतात म्हणून बसतात, पण त्यावर आलेले टायर मोठे असतात, ते तसेच लावू नका. अपार्टमेंटमध्ये असाल तर ठेवायचे कुठे हा प्रश्न, आमचे दोन वर्षं देवघराच्या कपाटाशेजारी होते, वर चादर टाकून. पाहुण्यांना स्टूल वाटायचं.

पायरी ७: रोजचं जगणं, आणि बाकीच्या मालकांचं म्हणणं

आधी वाईट. गाडी मंद आहे. हायवेला शिरताना पाय पूर्ण दाबला की सीव्हीटी घरघरते, आवाज खूप आणि वेग हळूहळू, मिक्सरमध्ये खोबरं अडकल्यासारखं. रस्त्याचा आवाज आत येतो. हिवाळ्यात गॅलनमागे चार-पाच मैल कमीच मिळतात, त्यात स्नो टायर. ऑइल दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना बघायची सवय लावा, ०डब्ल्यू-२० सिंथेटिकची एक बाटली डिक्कीत ठेवा. मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा वेगळा डिफरेन्शियल आहे, त्याचं ऑइल वेगळं. स्पार्क प्लग ६० हजार मैलांना, आणि इंजिन आडवं असल्यामुळे ते अडचणीत कडेला असतात, म्हणून मजुरी जास्त. सीव्हीटीचं ऑइल बदलायचं की नाही यावर दोन मेकॅनिकांचं एकमत होत नाही, मी ८० हजारांच्या सुमाराला बदललं आणि शांत झोपले.

आता चांगलं. बाहेरचं काय दिसतं म्हणून सांगू, खांब बारीक, काचा मोठ्या. ऑइल फिल्टर इंजिनच्या वरच, पुढेच, हाताला येतो. आणि हॅचबॅकची डिक्की! मागच्या सीट पाडल्या की ५२ घनफूट जागा. आईबाबा लोगन विमानतळावर उतरले तेव्हा तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा, दोन केबिन बॅगा, आणि एक पिशवी जिच्यात काय आहे हे आईने कस्टमलाही सांगितलं नव्हतं. मागची एक सीट पाडून सगळं बसलं, माणसांसकट. आणखी एक, जे कुठल्या रिव्ह्यूमध्ये लिहीत नाहीत, सीटची उंची आईच्या गुडघ्यांना बरोब्बर आहे. मोठ्या एसयूव्हीत तिला चढवायला लागतं.

बाकीच्यांचं विचाराल तर माझा मामेभाऊ डेन्व्हरला आहे, त्याच्याकडे पण २०१५ ची इम्प्रेझा. तो म्हणतो ताई, तुझी मंद तर माझी बैलगाडी. पाच हजार फुटांवर हवा विरळ, टर्बो नाही, त्यामुळे इंजिनची ताकद पंधराएक टक्के तिथेच गळते, वर डोंगर चढायचा म्हणजे ट्रकच्या लेनमध्येच. पण विकणार नाही म्हणतो, कारण तिथे डोंगरात जाणाऱ्या आय-७० हायवेवर सप्टेंबर ते मे नियम आहे, ऑल व्हील ड्राइव्ह आणि टायरची नक्षी ३/१६ इंच, नाहीतर स्नो टायर किंवा टायरवर चढवायच्या साखळ्या म्हणजे चेन जवळ पाहिजेत. बघा, ऑल व्हील ड्राइव्ह असली तरी तिथेही टायरच्या नक्षीची खोली मोजतातच.

मिनियापोलिसची मैत्रीण म्हणते चाकं सोड, माझी कटकट बॅटरीची. उणे पंचवीसला जुनी बॅटरी मान टाकते. तिने घेतल्या घेतल्या बॅटरी बदलली आणि जंप स्टार्टर घरात ठेवते, गाडीत नाही, कारण तोही गारठतो.

आणि सॅन होजेचा एक जुना रूममेट, त्याने टाहोला (कॅलिफोर्नियातलं बर्फाचं, डोंगरातलं ठिकाण) जाता येईल म्हणून घेतली. वर्षातून सहा दिवस जातो. बाकी ३५९ दिवस तो जादा पेट्रोल आणि जादा टायरचे पैसे भरतो, आणि डोंगरात चेनचा नियम लागला की ऑल व्हील ड्राइव्हवाल्यालाही चेन जवळ बाळगाव्या लागतातच. त्याचं स्पष्ट मत, चूक झाली. मला पटतं.

पायरी ८: बर्फाच्या दिवशी

आदल्या रात्री वायपर उभे करून ठेवा. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी मागे जाऊन सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, ते बर्फाने बुजलेलं असताना इंजिन चालू ठेवून आत बसलात तर विषारी वायू आत भरतो, यात माणसं गेलीयेत, हे गंमत म्हणून घेऊ नका. मग टपावरचा बर्फ पूर्ण काढा, नुसती काच नाही. टपावरची लादी हायवेवर उडून मागच्याच्या काचेवर जाते, आणि न्यू हॅम्पशायरमध्ये तर दंडही बसतो.

गाडी रुतली तर ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण तेवढ्यापुरतं बंद करून बघा. ते चालू असताना चाक घसरलं की गाडी ताकद कापते आणि तुम्ही तिथेच. हळूच पुढे, हळूच मागे, बाहेर आलात की परत चालू करा. रुतल्यावर पाय दाबून इंजिन रडवू नका.

पुढच्या गाडीपासून नेहमीच्या तिप्पट अंतर, क्रूझ कंट्रोल बंद, पुलावर जास्त जपून. आणि पार्किंग. बोस्टनमध्ये फावड्याने दोन तास खपून जागा मोकळी केली की लोक तिथे खुर्ची, ट्रॅफिक कोन, इस्त्रीचं टेबल काहीही ठेवतात, स्नो इमर्जन्सी (बर्फ काढण्यासाठी लावलेली पार्किंगबंदी) उठल्यावर ४८ तास महापालिकाही चालवून घेते. एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल आठवा, तसंच. फक्त तो रुमाल उचलून बसायची हिंमत इथे करू नका, टायरची हवा जाते, आणि आता टायरचं गणित तुम्हाला माहितीये.

एप्रिलमध्ये रस्त्यावरचं मीठ पावसाने धुऊन गेलं की एकदा गाडीची खालची बाजू धुवून घ्या, वॉशवाल्याला अंडरबॉडी म्हणून सांगायचं. त्याच आठवड्यात स्नो टायर उतरवायचे, काढताना प्रत्येकावर खडूने कुठल्या चाकाचा ते लिहायचं, आणि उन्हाळी सेट चढवल्यावर पन्नासेक मैलांनंतर नट परत एकदा आवळून घ्यायचे.